विकत आणलेल्या मेंढ्या कळपात कधी आणि कशा सोडाव्यात: जागेच्या तयारीपासून मिसळणीपर्यंतचा क्रम

माण, खटाव, आटपाडी आणि जत या पट्ट्यात मेंढ्या विकत घेतल्यावर सर्वसाधारणपणे असे घडते. सकाळी बाजारात सौदा होतो, दुपारी टेम्पोतून जनावरे घरी येतात, कोणीतरी घाईघाईने जंताचे औषध पाजतो, जमले तर त्याच दिवशी लस टोचली जाते आणि अंधार पडण्याआधी नव्या मेंढ्या जुन्या कळपाबरोबर एकाच वाघरीत (मेंढ्या कोंडायच्या जाळीच्या कुंपणात) कोंडल्या जातात. आठ-दहा दिवसांनी खोकला, हगवण किंवा लंगडेपणा सुरू झाला की दोष लसीला, हवेला किंवा दृष्टीला दिला जातो. औषध आणि लस या दोन्ही गोष्टी केलेल्या असतात, पण चुकीच्या दिवशी आणि चुकीच्या क्रमाने, आणि ज्या एका गोष्टीला जवळजवळ खर्च नाही, म्हणजे नव्या मेंढ्या ३० दिवस पूर्णपणे वेगळ्या ठेवणे, तीच राहून जाते.

३० दिवस का, हे प्रथम समजून घ्यावे. पीपीआर या मेंढ्या-शेळ्यांच्या साथीच्या रोगाचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा ४ ते ६ दिवस आणि काही वेळा १० दिवस जातात. लाळ्या खुरकुताला दोन आठवड्यांपर्यंत, तर मेंढ्यांच्या देवीला साधारण एक ते दोन आठवडे आणि क्वचित तीन आठवडेही लागतात. खरूज त्याहून सावकाश वर येते. म्हणजे बाजारात धट्टीकट्टी दिसणारी मेंढी त्या क्षणी रोगाची वाहक असू शकते आणि विकणाऱ्यालाही त्याची कल्पना नसते. २१ दिवस ही किमान मर्यादा धरावी. लसीकरण आणि जंतांची फेरतपासणी त्यात नीट बसत नाही, म्हणून ३० दिवस धरणे अधिक सोयीचे.

१. खरेदीआधी: आधी जागा, मग मेंढी

वेगळा वाडा तयार नसताना बाजाराला जाऊ नये. जुन्या वाड्यापासून ही जागा निदान शंभर-दीडशे फूट दूर असावी आणि उताराच्या खालच्या बाजूला असावी, म्हणजे पावसाचे किंवा धुण्याचे पाणी जुन्या वाड्याकडे वाहणार नाही. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे त्या हंगामात नवा वाडा जुन्याच्या पूर्वेला असलेला बरा. एका मोठ्या मेंढीला छताखाली १० ते १२ चौरस फूट आणि मोकळ्या आवारात त्याच्या दुप्पट जागा धरावी. जमीन कोरडी आणि घट्ट असावी. मुरूम टाकून चोपलेली असेल तर उत्तम.

चाऱ्याचा हिशेब आधी मांडावा, कारण पंधराव्या दिवशी चारा संपला म्हणून नव्या मेंढ्या जुन्यांबरोबर रानात सोडल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. ३० ते ३५ किलो वजनाची मेंढी दिवसाला साधारण १ ते १.२ किलो कोरडा चारा खाते. दहा मेंढ्यांना ३० दिवसांसाठी सुमारे ३५० किलो लागतो. कडबा, भुईमुगाचा पाला, तुरीचे भूस असे जे असेल ते मोजून बाजूला ठेवावे. पाण्याचे पातेले, घमेले, झाडू, दोर, चपला किंवा गमबूट हे सगळे या वाड्याचे स्वतंत्र असावे. सामायिक हौद ही या भागातील सर्वांत मोठी पळवाट आहे: वाडा वेगळा केलेला असतो, पण पाण्याला दोन्ही कळप एकाच हौदावर जातात.

स्थलांतर करणाऱ्या मेंढपाळांना बांधलेली जागा मिळत नाही, ही अडचण खरी आहे. अशा वेळी स्वतंत्र वाघर लावावी, चरण्याची दिशा वेगळी ठेवावी आणि एकत्र फिरणाऱ्या सगळ्या कुटुंबांना खरेदीची कल्पना आधी द्यावी, कारण रोग आला तर तो सगळ्यांच्या मेंढ्यांना लागतो. कोकणात किंवा कृष्णाकाठी खतासाठी शेतात मेंढ्या बसवायला निघण्याच्या तोंडावर खरेदी करणे टाळावे. वाटेवर असताना ३० दिवस कोणी पाळू शकत नाही.

हंगामाविषयी एवढेच की जून ते सप्टेंबर या काळात जंत, खुरसडा, आंत्रविषार (आतड्यातील जिवाणूंच्या विषाने होणारा रोग) आणि चिलटांमुळे पसरणारा नीलजिव्हा रोग हे सगळे एकाच वेळी जोरात असतात. दिवाळीनंतरची खरेदी तुलनेने सुरक्षित.

तपासणी: वाडा, चारा, पाणी आणि नव्या मेंढ्यांचे बघणारा माणूस या चारही गोष्टी ठरल्या आहेत का? एकही राहिली असेल तर खरेदी पुढे ढकलावी.

२. मेंढी कोठून घ्यावी आणि काय विचारावे

लोणंद किंवा आटपाडीसारख्या मोठ्या बाजारात अनेक गावांच्या मेंढ्या दिवसभर एकमेकींना घासून उभ्या असतात. सकाळी निरोगी आलेली मेंढी संध्याकाळी तशीच असेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. शक्य असेल तर थेट विकणाऱ्याच्या वाड्यावर जाऊन घ्यावी. बाजारातूनच घ्यायची असेल तर दहा मेंढ्या दहा जणांकडून न घेता एक-दोघांकडून घ्याव्यात.

वाड्यावर गेल्यावर आपल्याला दाखवलेल्या चार मेंढ्यांकडे न बघता आधी सगळा कळप बघावा. निवडलेली मेंढी चांगलीच असणार, ती दाखवण्यासाठीच पुढे आणलेली असते. रोगाची बातमी मागे बांधलेल्या जनावरांकडून मिळते. मग हे प्रश्न विचारावेत: गेल्या दोन महिन्यांत मेंढ्या किंवा कोकरे मेली का, गाभडण्याचे प्रकार झाले का, पीपीआर, देवी आणि आंत्रविषाराची लस कोणत्या तारखेला टोचली, जंताचे औषध कोणते आणि कधी पाजले, मेंढ्या कोठे चरून आल्या, आणि गेल्या महिन्यात या कळपात बाहेरची मेंढी आली का. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. कोकणातून किंवा नदीकाठच्या दलदलीतून आलेल्या मेंढ्यांत पर्णकृमी (यकृतातले चपटे जंत) असण्याची शक्यता धरून चालावे, कारण त्याचा प्रसार पाणथळ जागेतील गोगलगायींमार्फत होतो.

कानातील १२ अंकी क्रमांकाचा बिल्ला पाहावा आणि गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून त्या क्रमांकावरची लसीकरणाची नोंद पडताळून घ्यावी. तोंडी उत्तरे बहुधा खोटी नसतात, पण "लस झाली आहे" याचा अर्थ कधी तीन वर्षांपूर्वी झाली असाही निघतो.

सौदा एका भेटीत करू नये. सात-आठ दिवसांच्या अंतराने दोनदा जावे. सकाळी तापाचे इंजेक्शन देऊन दुपारी विकलेली मेंढी पहिल्या भेटीत ओळखता येत नाही. दुसऱ्या भेटीत कळपातील बाकीच्या मेंढ्या ते सांगून जातात. महागड्या माडग्याळ जातीच्या मेंढ्याच्या बाबतीत तर हे न चुकता करावे, कारण किंमत जितकी मोठी तितकी खरेदीची घाई मोठी, असा अनुभव आहे.

३. हात लावून तपासणी

दहा मिनिटे लांबून बघावे: कोण मागे राहते, कोण लंगडते, कोण गुडघे टेकून चरते, कोण रवंथ करत नाही. त्यानंतर एकेक मेंढी धरून पुढून मागे या क्रमाने बघत जावे.

डोळ्याच्या खालच्या पापणीची आतील बाजू लालसर असावी. ती फिकट गुलाबी किंवा पांढरी असेल तर रक्त शोषणारे जंत आहेत असे समजावे. जबड्याखाली पाणी साचून सूज आली असेल तर जंत किंवा पर्णकृमी यांचा भार जुना आहे. नाकातून घट्ट शेंबूड, डोळ्यांतून चिपडे आणि हिरड्यांवर कोंडा शिंपडल्यासारखे फोड ही पीपीआरची खूण आहे. ओठांच्या कडेला खपल्या असतील तर तो मावा हा संसर्गजन्य रोग. तो माणसाच्या हातालाही होतो, म्हणून तोंड तपासताना हातमोजे घालावेत. लोकर तीन-चार ठिकाणी फाकवून कातडी बघावी. कानाखाली, खांद्यापुढे आणि मांडीच्या वर हात फिरवून गाठी चाचपाव्यात. फुटून घट्ट पू येणाऱ्या गाठीचा रोग कातरणीच्या कात्रीतून कळपभर पसरतो आणि सहसा पूर्ण बरा होत नाही. शेपटीखालची लोकर लिडबिडलेली नसावी. चारही खुरे उचलून बोटांच्या बेचक्याचा वास घ्यावा; खुरसड्याचा वास एकदा घेतला की विसरत नाही. मादीची कास दोन्ही बाजूंना सारखी आणि मऊ असावी. नराचे दोन्ही वृषण सारखे, घट्ट आणि गाठीविना असावेत. पैदाशीच्या नराच्या रक्ताची ब्रुसेला (मेंढ्या गाभडवणारा जिवाणू) तपासणी पैसे देण्याआधी करून घ्यावी.

इशारा: उन्हात चालून आलेल्या मेंढीचे तापमान लगेच घेऊ नये. तासभर सावलीत उभी केल्यावर ते साधारण १०२ ते १०४ अंश फॅरनहाइट असावे. त्याहून जास्त असेल तर ती मेंढी सोडून द्यावी, ती कितीही आवडलेली असली तरी.

४. आणताना

टेम्पो आदल्या फेरीत काय घेऊन गेला हे आपल्याला माहीत नसते, म्हणून तो आपल्या डोळ्यांसमोर धुऊन घ्यावा. आधी लेंड्या आणि गवत खरडून काढावे, साबणाच्या पाण्याने धुवावे आणि शेवटी ४ टक्के धुण्याच्या सोड्याचे द्रावण मारावे. घाणीवर थेट जंतुनाशक ओतल्यास त्याचा उपयोग होत नाही. वाटेत दुसऱ्याची जनावरे भरू देऊ नयेत. भाडे वाचते, पण वाड्यावर जाऊन केलेली सगळी तपासणी वाया जाते.

५. पहिला दिवस: काहीही टोचू नये

मेंढ्या थेट वेगळ्या वाड्यात उतरवाव्यात. जुन्या वाड्यासमोर टेम्पो थांबवून घरच्यांना दाखवण्याचा मोह टाळावा. आल्यावर तासाभराने स्वच्छ पाणी आणि मग कोरडा चारा द्यावा. खुराक, हिरवा मका किंवा उसाचे वाढे त्या दिवशी देऊ नये. माळावर चरणाऱ्या मेंढीला अचानक भरपूर हिरवे किंवा धान्य मिळाले की आतड्यातील जिवाणू झपाट्याने वाढतात आणि आंत्रविषाराने सकाळी मेलेली मेंढी सापडते. नवा खुराक दहा-बारा दिवसांत हळूहळू वाढवत न्यावा. गाईम्हशींचे खनिज मिश्रण मेंढ्यांना घालू नये, कारण त्यातले तांबे मेंढीला बाधते.

प्रवासाने थकलेल्या जनावराला पहिल्याच दिवशी लस टोचण्याची चूक फार रुजलेली आहे. थकव्यात लसीचा परिणाम कमी होतो, आणि मेंढी आधीच रोग घेऊन आलेली असेल तर लस तो थांबवू शकत नाही. पुढे ती आजारी पडली की "लशीने बिघडली" असा समज होतो आणि पुढच्या वर्षी जुन्या कळपाचीही लस टाळली जाते.

रोजच्या कामाचा क्रम ठरवून घ्यावा: आधी जुना कळप, शेवटी नवा वाडा, आणि नव्या वाड्यातून बाहेर पडताना हातपाय साबणाने धुऊन चपला तिथेच काढाव्यात. कुत्र्यालाही आत सोडू नये.

६. दुसरा ते पाचवा दिवस: लेंड्या, जंत, खुरे, कातडी

प्रथम लेंड्यांचा नमुना, नंतर औषध. उलटे केले तर तपासणीला अर्थ उरत नाही. सात-आठ मेंढ्यांच्या ताज्या लेंड्या वेगवेगळ्या पुड्यांत नाव घालून तालुक्याच्या दवाखान्यात द्याव्यात. सातारा जिल्ह्यात शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचाही पर्याय आहे.

जंतनाशक वजनावरून ठरते. अंदाजाने पाजलेला अपुरा डोस जंत मारत नाही, उलट औषधाला दाद न देणारे जंत मागे ठेवतो, आणि असे जंत विकत आणणे हा खरेदीतला सर्वांत न दिसणारा धोका आहे. त्यासाठी पशुवैद्यक बहुधा वेगवेगळ्या गटांतली दोन औषधे सुचवतात. पुढच्या मुद्द्यांवर मात्र ठाम राहावे: गाभणकाळाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल पाजू नये, क्लोझँटेलचा डोस वाढवू नये कारण त्याने मेंढीला आंधळेपण येते, आणि पाजताना मेंढीचे तोंड आभाळाकडे वर करू नये, औषध फुप्फुसात गेले तर निमोनिया होतो. औषधानंतर ४८ तास मेंढ्या वाड्यातच ठेवाव्यात आणि त्या काळातल्या लेंड्या झाडून जुन्या कळपाच्या रानात न टाकता वेगळ्या खड्ड्यात टाकाव्यात.

खुरांसाठी १० टक्के झिंक सल्फेटचे पाणी उथळ टोपलीत किंवा सिमेंटच्या नाल्यात ठेवून मेंढ्यांना पाच-दहा मिनिटे उभे करावे. त्याआधी वाढलेली खुरे छाटावीत, पण रक्त येईपर्यंत नाही.

इशारा: तासगाव, खानापूर भागात द्राक्षबागेमुळे मोरचूद घरात असतेच, आणि खुरांसाठी तेच वापरले जाते. ५ टक्के मोरचूद खुरसड्यावर चालते हे खरे, पण तहानलेली मेंढी ते पाणी पिते आणि तांब्याच्या विषबाधेने दगावते. झिंक सल्फेट मिळत असताना मोरचूद वापरू नये. कोणतेही द्रावण असले तरी आधी पोटभर साधे पाणी पाजावे.

गोचीड आणि खरजेसाठी फवारणी किंवा डुबकी चौथ्या-पाचव्या दिवशी, ऊन असताना सकाळी करावी, आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा करावी, कारण पहिल्या वेळी अंडी मरत नाहीत. जखमा असलेल्या आणि शेवटच्या महिन्यातील गाभण मेंढ्यांना डुबकी देऊ नये.

तपासणी: पाचव्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांचे तापमान घेऊन वहीत बिल्ल्याच्या क्रमांकापुढे लिहावे.

७. सातवा ते एकविसावा दिवस: लस आणि निरीक्षण

सगळ्या मेंढ्या खाऊन-पिऊन असतील आणि कोणालाही ताप नसेल तरच सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान पीपीआरची लस घ्यावी. एका मेंढीला जरी ताप असेल तरी लस थांबवून डॉक्टरांना बोलवावे. आंत्रविषाराची लस पूर्वी कधीच टोचली नसेल तर दोन मात्रा लागतात, पहिल्यानंतर दोन ते चार आठवड्यांनी दुसरी. देवी, घटसर्प, लाळ्या खुरकूत यांच्यापैकी कोणती लस, किती अंतराने, हे त्या भागात काय चालू आहे यावर अवलंबून असते. तो निर्णय डॉक्टरांचा.

लस बर्फात आणावी आणि बर्फातच ठेवावी. पीपीआरची लस पातळ केल्यावर दोन तासांच्या आत संपवावी. उरलेली उद्यासाठी ठेवू नये. गावात एकच सुई सगळ्या मेंढ्यांना वापरण्याची पद्धत दिसते, ती या वाड्यात तरी बंद करावी. लसीनंतर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे जातात, आणि ३० दिवसांच्या हिशेबात ते मोजलेले आहेत.

जंतनाशकानंतर १० ते १४ दिवसांनी लेंड्या पुन्हा तपासाव्यात. अंडी ९५ टक्क्यांनी कमी झालेली नसतील तर औषध लागू पडलेले नाही, आणि या मेंढ्या जुन्या रानात सोडल्या तर ते हट्टी जंत कायमचे आपले होतील.

या काळातली नेहमीची चूक म्हणजे मध्येच आणखी दोन मेंढ्या आणून त्याच वाड्यात घालणे. तसे केले तर सगळ्यांचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. मी स्वतः एकदा अठराव्या दिवशी असा स्वस्तातला एक नर घालून घेतला आणि मोजणी तीच चालू ठेवली. मिसळल्यानंतर दहा दिवसांत जुन्या कळपातल्या कोकरांच्या ओठांवर माव्याच्या खपल्या आल्या. नराच्या तोंडावर त्या आधी इतक्या बारीक होत्या की दाढीत लागलेला कोंडा समजून मी सोडून दिल्या होत्या.

८. मध्येच आजार दिसला तर

त्या मेंढीला वाड्यातच आणखी बाजूला करावे आणि दवाखान्याला किंवा १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या फोन क्रमांकाला कळवावे. पीपीआर, देवी यांसारखे रोग २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्यात येतात आणि संशय आल्यावर कळवणे ही मालकाची जबाबदारी आहे. आजारी कळपातल्या मेंढ्या घाईने बाजारात नेऊन विकणे हा तोटा शेजारच्या गावावर ढकलण्याचा प्रकार आहे, आणि तो फिरून परत येतो. मेलेली मेंढी ओढ्यात टाकू नये. शवविच्छेदन करून घ्यावे आणि मग खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. गाभडलेले कोकरू आणि वार उघड्या हाताने उचलू नयेत, ब्रुसेला माणसाला होतो. शेवटची मेंढी बरी झाल्याच्या दिवसापासून ३० दिवस नव्याने मोजावेत.

९. तेविसाव्या दिवसापासून: मिसळणी

शेवटच्या आठवड्यात जुन्या कळपातली एक-दोन लसीकरण झालेली, गाभण नसलेली मेंढी नव्या वाड्यात नेऊन ठेवावी. यातून दोन्ही बाजूंचे कळते: नव्या मेंढ्यांकडून काही येते का, आणि आपल्या कळपातले काही नव्यांना लागते का. या मेंढ्या आठवडाभर बऱ्या राहिल्या तरच पुढे जावे.

मिसळणी बंदिस्त वाघरीत न करता सकाळी मोकळ्या रानात करावी, म्हणजे नर फार भिडत नाहीत. गाभण आणि कोकरे असलेल्या मेंढ्यांचा गट असेल तर नव्यांना आणखी दोन आठवडे त्यांच्यापासून दूर ठेवावे. नव्या पैदाशीच्या नराला मिसळल्या दिवशीच माद्यांवर सोडू नये. ब्रुसेला तपासणीचा अहवाल हातात आल्यावरच सोडावा. रांजणी किंवा दहिवडीच्या सरकारी प्रक्षेत्रावरून आणलेल्या मेंढ्यालाही हेच ३० दिवस लागू आहेत. तिथली नोंद चांगली असते, पण वाटेतला टेम्पो तोच असतो.

तपासणी: मिसळल्यानंतर चौदा दिवस दोन्ही कळपांतल्या सगळ्या मेंढ्यांच्या पापण्या, ओठ आणि खुरे एक दिवसाआड बघावीत. वेगळा वाडा रिकामा झाल्यावर लेंड्या खरडून काढाव्यात, जमिनीवर चुना फासावा आणि उन्हात उघडा ठेवावा. देवीचा विषाणू सावलीच्या जागेत काही महिने टिकतो, म्हणून छताखालची बाजू दोनदा धुवावी. खरेदीची तारीख, बिल्ल्याचे क्रमांक, विकणाऱ्याचे गाव, पाजलेली औषधे आणि लसींचे बॅच क्रमांक लिहिलेली वही जपून ठेवावी, कारण आंत्रविषाराच्या पुढच्या लसीची तारीख तीवरूनच काढायची आहे.